काळ्या टाकीची चिखलणी

घरगाडी पाहायला आलेला माणूस आधी पलंग दाबून पाहतो. मग फ्रिज उघडतो, टीव्हीवर किती चॅनल लागतात ते विचारतो, गॅसची शेगडी पेटवून पाहतो आणि सगळ्यात शेवटी संडासाचं दार लोटून हसतो. "वा, हेही आहे का?" बस, एवढंच. ते पुढं जातं कुठं, हे मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही. ते माझ्याकडं जातं, राजेहो. इतकी वर्षं ते माझ्याचकडं जात होतं. म्हणून संपादकांनी "तुमच्या प्रवासांबद्दल लिहा" म्हटलं, तेव्हाच मी ठरवलं की पलंगाबद्दल लिहायचं नाही.

मी आंधळगावचा. उमेदीची वर्षं जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामगार नेणारी कंत्राटी बस चालवली. ते कंत्राट गेलं तेव्हा नागपूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं मिनीबसच्या चेसिसवर हे घर बांधून घेतलं होतं आणि त्याला शांत डोक्याचा डायवर पाहिजे होता. माझं डोकं शांत आहे हे त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. माझ्या घरी विचारलं असतं तर वेगळं उत्तर मिळालं असतं. बायको आजही शेजारणींना सांगते, "आमचे हे टुरिस्टची गाडी चालवतात." खरं आहे. पण गाडी चालवणं हा त्या नोकरीचा सोपा भाग होता.

गाडीच्या पोटाखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, तिला आम्ही करडी म्हणतो. तिसरी संडासाची, ती काळी. दिसायला तिघी बहिणी सारख्याच पांढुरक्या आहेत, नावं स्वभावावरून पडलीत. काळीच्या तळाला जाड पाईप असतो आणि त्याच्या तोंडाशी पाटीसारखी सरकणारी झडप. दांडा ओढला की झडप उघडते, ढकलला की बंद होते. या धंद्याची सगळी विद्या त्या दांड्यात आहे.

नव्या माणसाला वाटतं, दांडा उघडाच ठेवावा, येईल तसं जाईल. तिथंच घोळ होतो. झडप उघडी राहिली की पाणी तेवढं निसटतं आणि जड माल जागच्या जागी बसतो, सुकतो, वर चढत जातो. म्हणून झडप बंद ठेवायची, टाकी चांगली अर्ध्याच्या वर भरू द्यायची आणि मग एका दमात सोडायची, म्हणजे पाणीच सगळं ओढून नेतं. आधी काळी सोडायची, तिच्यामागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाईप आपोआप धुतला जातो. मग काळीत बाहेरून पाणी भरायचं आणि पुन्हा सोडायचं. पाईपाला एक काचेसारखा आरपार दिसणारा कोना लावलेला असतो, त्यातून पाणी निवळ दिसेस्तोवर हे करत राहायचं. शेवटी झडप लावून तळाला बादली-दोन बादल्या पाणी ठेवायचं. कोरड्या टाकीवर पुढचा प्रवास सुरू करायचा नाही.

हातात रबरी मोजे पाहिजेतच. पिण्याच्या पाण्याचा पाईप या कामाला लावायचा नाही, इतकंच काय, दोन्ही पाईप एका खणात ठेवायचेसुद्धा नाहीत. जवळ बिडी पेटवायची नाही. आणि कितीही वाटलं तरी टाकीत डोकावायचं नाही, कारण आत वायू साचलेला असतो आणि तो माणूस लहान की मोठा पाहत नाही. ही टाकी मी कधी नाल्यात सोडली नाही, कोणाच्या शेतात नाही, रस्त्याच्या कडेला नाही. अख्ख्या रस्त्यावर घरगाडी रिकामी करायला हक्काची जागा कुठंच नसते, ही माझी जुनी तक्रार आहे. ओळखीचे लॉजवाले, धाबेवाले यांना हात जोडून त्यांच्या सेप्टिक टँकचं झाकण उघडून घ्यायचं. लोक देवदर्शनाच्या ओळखी काढतात, मी सेप्टिक टँकच्या काढल्या.

गिऱ्हाइकं तर काय एकेक नमुने. एक कुटुंब जंगल पाहून चार दिवसांनी परतलं तर काळी टाकी कोरडी ठणठणीत. मी विचारलं, काही बिघाड होता का? तर घरातले वडील छाती काढून म्हणाले, "गाडी खराब नाई केली आम्ही. सगळे झुडपातच गेलो." आता यांना काय म्हणावं? दुसरे एक साहेब वास येऊ नये म्हणून ॲसिडची अख्खी बाटली ओतून मोकळे झाले. झडपेचं रबर गेलं, आणि ज्या लॉजवाल्याच्या टँकमध्ये मी ते सोडणार होतो त्याच्या टँकमधले जंतूही गेले असते. ते जंतू आपले नोकर आहेत, बिनपगारी, त्यांना मारायचं नसतं. साहेबांना हे समजावताना माझं शांत डोकं किती शांत होतं ते त्यांनाच विचारा.

पण मला सांगायचं आहे ते बपेऱ्याचं.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा प्रमोद नावाचा माणूस एक दिवस गाडी ठरवायला आला. पलंग दाबला नाही, फ्रिज उघडला नाही, थेट संडासात जाऊन उभा राहिला. कमोडच्या बाजूची कांब धरून दोनदा उठला-बसला. मग म्हणाला, "काकाजी, माह्या आईले बसाले जमल न इथं?"

त्याच्या आईचं माहेर बपेरा, तुमसरच्या पुढं, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून. तिथं तिच्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न होतं. म्हातारीचे गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही, आणि दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागतं. बाहेर पडायचं म्हटलं की ती आदल्या दिवसापासून पाणी सोडायची. मागं एका लग्नात अशीच कोरड्या तोंडानं ऐन वैशाखात मांडवात बसली आणि चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लागलं. तेव्हापासून तिचं माहेर बंद झालं होतं. भावाच्या घरी संडास होता, पण आंगणाच्या पार टोकाला, पायऱ्या चढून, आणि खाली बसायचा.

"मावशी, या गाडीत पोटभर पाणी प्या," निघताना मी म्हटलं. गयाबाई त्यांचं नाव. बारकीशी बाई, डोक्यावर पदर, तोंड मिस्कील.

"तुले साफ करा लागल न रे भाऊ."

"माहा पगार त्याचाच हाये."

त्यावर हसल्या, पण तुमसरपर्यंत बाटलीचं झाकण उघडलं नाही. तुमसरच्या पुढं कुठंतरी एक घोट घेतला, मग आत जाऊन आल्या. परत सीटवर बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला दिसला. बपेरा येईस्तोवर बाटली रिकामी झाली होती.

लग्नाला अजून अवकाश होता, बहिणीला भावानं मुद्दाम आधीच बोलावलं होतं. तुळशीराम त्याचं नाव, धानाचा शेतकरी, प्रमोदचा मामा, म्हणून मीही त्याला मामाच म्हणू लागलो. मी गाडी त्याच्या घरामागं सावलीत लावली. तिथंच त्याचा सेप्टिक टँक होता. मामाला विचारून माझा जाड पाईप त्याच्या तोंडात बसवला, कापडानं फट बुजवली आणि बजावून सांगितलं, "हा दांडा बंदच राहील. सोडायची तेव्हा मीच सोडीन."

"हाव जी," मामा म्हणाला. त्याच्या हाव जीवर मी विश्वास ठेवला आणि आंधळगावला घरी जाऊन आलो.

परत आलो तो लग्नाच्याच दिवशी सकाळी. मांडवात बँडवाले चहा पिऊन राहिले होते. गाडीचं दार उघडलं तर वासानं मागं सरलो. कमोडमध्ये पाणी तुंबलेलं. प्रमोद बाहेर खुर्चीवर डोकं धरून बसला होता.

"काल सांजेपासून असंच हाये काकाजी. आईनं तेव्हापासून पाणी नाई घेतलं. म्हणते, चहा बी नको. मी म्हटलं, चाल परत घरी जाऊ, तर तेही आयकत नाई."

गयाबाई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले. मला पाहून म्हणाल्या, "काही नाई होत रे. लगन लागेपर्यंत तोंड शिवून बसतो. सवय हाये मले." ऊन आत्ताच चटके देत होतं आणि लग्न संध्याकाळचं. मागच्या वेळी त्या कशा पडल्या होत्या ते प्रमोदनं सांगितलं होतं.

गाडीखाली वाकून पाहिलं. दांडा दोन बोटं बाहेर ओढलेला.

"हा कोणी ओढला?"

"म्या ओढला," मामा मागून म्हणाला. अगदी सरळ, जसं काही गोठ्याचं दार उघडलं होतं. "काहून, काय झालं?"

"बंद ठेवा म्हटलं होतं न जी."

"अरे भाऊ, साचलं पाणी सडते. बांधीत आपण धुरा जरासा फोडून पाणी खेळतं ठेवतो का नाई? तसंच ठेवलं. अन् टाकी भरली असती तर तू म्हटला असता, चला आता परत जवाहरनगरले. माही बाई बी गेली असती संगं."

बाई म्हणजे त्याची मोठी बहीण. आता याच्यावर ओरडायचं कसं? मी ओरडलोच थोडा. पण धानाच्या खाचराचा, म्हणजे बांधीचा, बांध आमच्याकडं असा फोडतातच; त्या हिशेबानं त्याचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या भागात पाणी कुठं अडवायचं आणि कुठं खेळवायचं यातच माणसाचा जन्म जातो. फक्त बांधीत असतं पाणी आणि माती, माझ्या टाकीत वेगळा माल असतो. तो खेळत नाही, तो बसतो. त्यातून गयाबाई मला त्रास नको म्हणून दर वेळी एकच तांब्या पाणी टाकत होत्या. पाणी सगळं झिरपून गेलं आणि बरोबर कमोडच्या पाईपाखाली ढीग झाला.

मांडवातून सल्ले येऊ लागले. बँडवाल्यांपैकी एक जण बांबू घेऊन आला. प्रमोद म्हणाला, ॲसिड टाकून पाहू का. दोघांनाही मी हाकललं. बांबूनं टाकी फुटली असती, आणि ॲसिडचं वर सांगितलंच आहे.

मामा मात्र सल्ला न देता चाकाजवळ उकिडवा बसला होता. बराच वेळ टाकीकडं पाहून म्हणाला, "म्हणजे ढेकूळ झालं म्हण न."

"हाव. सुकलेलं ढेकूळ."

"मंग त्यात काय येवढं? चिखलणी करा लागते. पाणी सोड, भिजू दे, मंग फिरव."

रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, आधी बांधीत पाणी भरून, नांगर-पाटा फिरवून ढेकळांचा लोण्यासारखा चिखल करतात, ती चिखलणी. आमच्या धंद्यातला उपायही नेमका तोच आहे, फक्त बैलांच्या जागी खराब रस्ता लागतो. मी तेच करणार होतो, पण मामाच्या तोंडून ऐकलं आणि माझा राग निम्म्यावर आला.

दांडा घट्ट बंद केला. कमोडमधलं तुंबलेलं पाणी मोजे घालून डब्यानं काढलं. टाकीच्या कुशीला धुण्यासाठी वेगळं तोंड असतं, त्याला मामाच्या मोटारीचा शेतातला पाईप लावला आणि टाकी अर्ध्याच्या वर भरली, थोडा भांड्यांचा साबण घालून. भरताना मी पाईपापासून हललो नाही, कारण विसरलो तर सगळं कमोडमधून घरात येतं. मग ऊन डोक्यावर येऊन कलेस्तोवर टाकी तशीच भिजू दिली. तेवढ्यात प्रमोद दोनदा पाण्याची बाटली घेऊन आईकडं गेला आणि दोनदा तशीच भरलेली परत घेऊन आला.

फिरवायला निघालो तर गयाबाई काठी टेकत दारात उभ्या.

"मले बी घे संगं. इथं बसलो तर सारेच पाणी-पाणी करून राहिले."

त्यांना उशा लावून सीटवर पट्ट्यानं बसवलं. मामा पुढं माझ्या बाजूला आला. राजेहो, मी जन्मभर खड्डे चुकवले. त्या दिवशी मामा मला खड्डे दाखवत होता. "इकडून नको, इकडून रस्ता चांगला हाये. डावीकडून घे." बैलगाडीच्या चालीनं, जरा पुढं, मग ब्रेक, पुन्हा पुढं. खालून टाकीत पाणी ढुबूक ढुबूक हिंदकळायचं आणि मामा खूश व्हायचा. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. लग्नघरची एवढी भारी गाडी, आणि डायवर बहुतेक प्यायलेला.

खराब रस्ता म्हणजे गावाबाहेरचा रस्ता. मागं बसून गयाबाई खिडकीला नाक लावून होत्या. शाळेच्या मागून गेलो, मोहाच्या झाडांखालून गेलो, उन्हाळी धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांच्या कडेनं गेलो. एका तलावाजवळ, आमच्याकडं बोडी म्हणतात, त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"तुळश्या, हे ते बोडी न? शिंगाड्याची?"

"तेच हाये बाई."

"पाणी किती कमी झालं रे." बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लगन झाल्यापासून इकडं आलोच नाई बघ. माहेरी यायचो, पण घरात बसायचो अन् दुपारीच परत निघायचो. लोकाईले वाटे, गयाले सासरची लय ओढ. कायची ओढ? जागेचा धाक होता."

मामाला हे आज पहिल्यांदा कळत होतं, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून मला दिसत होतं. इतकी वर्षं बहीण लवकर जाते म्हणून तो रुसत आला होता. थोड्या वेळानं त्यानं खसकन नाक पुसलं आणि म्हणाला, "नदीकडचा रस्ता याच्याऊन खराब हाये. तिकडं घे."

खरं तर तेवढ्यात टाकीचं काम झालं असावं. पण मी तिकडं घेतली. नदीही दाखवली.

परत येऊन पाईप पुन्हा टँकमध्ये बसवला. मामा आणि प्रमोद दोघंही वाकून उभे. मी दांडा ओढला. आधी काहीच नाही. मग आतून एक गडगड आली, पाईपानं हिसका दिला आणि कोन्यातून जे वाहू लागलं त्याचं वर्णन मी दिवाळीच्या अंकात करत नाही. पण एवढं सुंदर दृश्य मी फार कमी वेळा पाहिलंय. मामानं टाळी वाजवली. मग पुन्हा भरली, पुन्हा सोडली, आणखी एकदा भरली, सोडली. कोन्यात पाणी निवळ दिसलं तेव्हा दांडा लावला, तळाला दोन बादल्या पाणी टाकलं, आतली फरशी धुतली, मोजे धुतले, हात धुतले, आणि मामाच्या न्हाणीत आंघोळ करून कपडे बदलले. दांड्याला मी साखळी आणि कुलूप लावणार होतो. मामानं आपल्या हातानं त्याला चिंधी बांधली आणि म्हणाला, "आता याले हात लावंल त्याचा हात मोडतो."

गयाबाईंना सांगितलं, "मावशी, झालं." त्या आत गेल्या, बाहेर आल्या. नवीन लुगडं नेसून मांडवात बसल्या.

मी त्यांच्याच मागच्या रांगेत खुर्ची धरून बसलो. माझं लक्ष नवरीकडं नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली, उकाड्यानं सगळ्यांचा जीव चाललेला, आणि पाण्याचे गिलास घेऊन मंडळी फिरू लागली. ट्रे गयाबाईंपुढं आला. नेहमीच्या सवयीनं त्यांचा हात नको म्हणायला वर गेला. मग तोच हात पुढं आला आणि त्यांनी गिलास उचलला. घोट घोट करत रिकामा केला. अक्षता टाकल्या. टाळ्या वाजल्या, बँड लागला, आणि त्या गोंगाटात त्यांनी मामाला हाताला धरून खाली ओढलं. मी जवळच होतो, मला ऐकू आलं.

"तुळश्या, आणखी एक गिलास आण. थंड आण. अन् प्रमोदले सांग, आपण काही उद्या जाऊन नाई राहिलो."

मामा धावतच गेला. दुसराही गिलास त्यांनी पूर्ण प्यायला. तेव्हा मी उठलो, घरामागं गेलो आणि दांडा बंद आहे ना, तेवढं हात लावून पाहून आलो.